आद्य विश्वातील प्रावस्था संक्रमणे व गुरुत्वीय तरंग

आद्य विश्वातील प्रावस्था संक्रमणे व गुरुत्वीय तरंग : विश्व अतितप्त स्थितीतून निवत असताना त्यातील द्रव्य व मूलभूत क्षेत्रे एका प्रावस्थेतून (भौतिक दृष्ट्या एकजिनसी अशा अवस्थेतून) दुसऱ्या प्रावस्थेत गेली. हे संक्रमण पाण्याच्या उकळण्याप्रमाणे बुडबुडे निर्माण होऊन खळबळजनक रीतीने झाले असेल, तर त्यातून गुरुत्वीय तरंग (अवकाश-कालाच्या भूमितीत उत्पन्न होऊन प्रकाशवेगाने पसरणारे क्षोभ) बाहेर पडले असले पाहिजेत आणि अतिशय क्षीण स्वरूपात ते आजही सर्व दिशांनी पृथ्वीवर येत असले पाहिजेत. असे तरंग अद्यापि निःसंदिग्धपणे आढळलेले नाहीत. या कल्पनेचा इतिहास सु. पन्नास वर्षांचा असून त्यात एक चमत्कारिक वळण आहे. ज्या सिद्धांतामुळे ही कल्पना सुचली त्याच सिद्धांताचे गणित अधिक काटेकोरपणे केल्यावर असे तरंग निर्माण झालेच नसावेत, असा निष्कर्ष निघाला आणि त्यानंतरच त्यांच्या शोधाला खरे महत्त्व आले.

प्रकाशाच्या साहाय्याने विश्वाच्या भूतकाळात किती मागे पाहता येते, याला मर्यादा आहे. उत्पत्तीनंतर सु. ३,८०,००० वर्षेपर्यंत विश्वातील द्रव्य विद्युत् भारित कणांचे बनलेले व म्हणून अपारदर्शक होते. इलेक्ट्रॉन व अणुकेंद्रे एकत्र येऊन अणू बनल्यावर प्रकाश मोकळा झाला. तोच आज सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाच्या रूपाने आढळतो. आर्नो पेंझिअस व रॉबर्ट विल्सन यांनी ते १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधीच्या काळाविषयी हायड्रोजन, हीलियम इ. हलक्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून पहिल्या काही मिनिटांपर्यंत मागे जाता येते. पण त्याच्याही पलीकडचे, सेकंदाच्या सूक्ष्म अंशातील, सर्व पुरावे कणांच्या परस्परांवरील आघातांमुळे पुसले गेले. गुरुत्वीय तरंगांची द्रव्याशी होणारी परस्परक्रिया इतकी दुर्बल आहे की, ते या दाट द्रव्यातूनही जवळजवळ अबाधित निघून येतात. त्यांच्या शोधातील सारा मोह यात आहे आणि सारी अडचणही यातच आहे. कारण जे तरंग विश्वातील कोणत्याच द्रव्याला जुमानत नाहीत, ते माणसाच्या उपकरणालाही सहज जुमानत नाहीत.

गुरुत्वीय तरंगांचे भाकीत आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये केले व १९१८ मध्ये त्यातील गणिती चूक दुरुस्त केली. पुढे त्यांचाच त्यावरील विश्वास डळमळला. नेथन रोझेन यांच्याबरोबर १९३६ मध्ये लिहिलेल्या निबंधात असे तरंग अस्तित्वात नाहीत असा निष्कर्ष त्यांनी काढला होता; परंतु परीक्षकाने दोष दाखविल्यावर त्यांनी तो निबंध परत घेतला आणि १९३७ मध्ये तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. हे तरंग खरोखरच ऊर्जा वाहून नेतात की ते केवळ गणिती आभास आहेत, हा वाद १९५७ मध्ये अमेरिकेतील चॅपेल हिल येथे भरलेल्या परिषदेपर्यंत चालू होता. दांडीवर घर्षणासह सरकणारे मणी तरंगामुळे हलतील व दांडी तापेल, या रिचर्ड फाइनमन यांच्या साध्या युक्तिवादाने तो बहुतांशी मिटला. त्यानंतर जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमची मोठी वृत्तचिती टांगून तरंग टिपण्याचा प्रयत्न केला. ते सापडल्याचा त्यांनी १९६९ मध्ये केलेला दावा इतरांना पडताळता आला नाही, तरी प्रायोगिक शोधाची परंपरा त्यांच्यापासूनच सुरू होते. रसेल हल्स व जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये शोधून काढलेल्या जोड स्पंदकाचा कक्षीय आवर्तकाल दर वर्षी सु. ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो असे आढळले. ही घट सापेक्षता सिद्धांताशी जुळल्याने तरंगांचा अप्रत्यक्ष पुरावा मिळाला. प्रत्यक्ष नोंद १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या व्यतिकरणमापकांनी केली. तो तरंग दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा होता.

आद्य विश्वातील संक्रमणांचा विचार मात्र खगोलशास्त्रातून आलेला नाही. तो अतिसंवाहकतेच्या, म्हणजे अतिशीत धातूंच्या अभ्यासातून आला. विद्युत् चुंबकीय व दुर्बल परस्परक्रिया एकाच सूत्रात गोवणारा सिद्धांत १९६०–७० या दशकात मांडला गेला होता. त्यानुसार सर्व अवकाश हिग्ज क्षेत्राने व्यापलेले असून त्या क्षेत्राच्या शून्येतर मूल्यामुळेच इलेक्ट्रॉन, क्वार्क इ. कणांना द्रव्यमान प्राप्त होते. मॉस्को येथील लेबेडेव्ह संस्थेतील डी. ए. किर्झनित्स यांनी १९७२ मध्ये या स्थितीची तुलना अतिसंवाहकाशी केली. अतिसंवाहक तापविला की त्याचा हा गुण एका ठराविक तापमानास नाहीसा होतो. त्याचप्रमाणे पुरेशा उच्च तापमानास हिग्ज क्षेत्राचे मूल्यही शून्य झाले पाहिजे आणि दोन्ही परस्परक्रियांमधील लपलेली सममिती पुन्हा प्रकट झाली पाहिजे, असे त्यांनी दाखविले. त्याच वर्षी आंद्रेई लिंड यांच्याबरोबर त्यांनी हा विचार पुढे नेला आणि १९७४ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन वाइनबर्ग आणि एल. डोलन व रोमन जॅकीव यांनी त्याला पद्धतशीर गणिती रूप दिले. ज्या विश्वाची सुरुवात अतितप्त होती त्यात हे संक्रमण उलट क्रमाने, निवताना, प्रत्यक्ष घडून गेले असले पाहिजे हे उघड होते.

संक्रमण कसे घडले हा प्रश्न मात्र उरला. प्रथम कोटीचे संक्रमण म्हणजे ज्यात दोन प्रावस्था काही काळ एकत्र नांदतात व सुप्त उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते असे संक्रमण. पाण्याची वाफ होणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. उलट मेण तापविले असता ते हळूहळू मऊ होत जाते आणि कोणत्या क्षणी ते घन राहिले नाही हे सांगता येत नाही. पाण्याचे वर्तनही नेहमी एकसारखे नसते. सु. २१८ वातावरणांहून अधिक दाबाखाली ते कितीही तापविले तरी उकळत नाही. द्रवाचे वायूत रूपांतर बुडबुड्यांवाचून, सलगपणे होते. ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रथम कोटीच्या संक्रमणात विश्व क्रांतिक तापमानाच्या खाली निवल्यावरही काही काळ जुन्याच प्रावस्थेत अडकून राहते. मग ठिकठिकाणी नव्या प्रावस्थेचे बुडबुडे उमटतात. लहान बुडबुडे पृष्ठताणामुळे मिटून जातात, पण एका विशिष्ट त्रिज्येहून मोठे झालेले बुडबुडे झपाट्याने वाढतात. अशा बुडबुड्यांचे विवेचन सोव्हिएट रशियात आय. कोबझारेव्ह, एल. ओकुन व एम. व्होलोशिन यांनी १९७४ मध्ये आणि अमेरिकेत सिडनी कोलमन यांनी १९७७ मध्ये केले. एकटा गोलाकार बुडबुडा कितीही वेगाने वाढला तरी त्यातून गुरुत्वीय तरंग निघत नाहीत. पूर्ण गोलीय सममिती असलेल्या हालचालीतून असे प्रारण होत नाही, हा व्यापक सापेक्षता सिद्धांताचा नियम आहे. शेजारचे बुडबुडे एकमेकांवर आदळले म्हणजे ही सममिती मोडते व तरंग निर्माण होतात. म्हणून बुडबुड्यांचा आकार, त्यांच्या भिंतींचा वेग व बाहेर पडणारी सुप्त उष्णता या राशींवर तरंगांची तीव्रता अवलंबून असते.

या तरंगांचा स्पष्ट उल्लेख एडवर्ड विटन यांच्या १९८४ मधील निबंधात येतो. त्यांचा विषय वेगळाच होता. विश्वाचे वय सेकंदाच्या काही लक्षांश इतके असताना मुक्त क्वार्क व ग्लुऑन बद्ध होऊन प्रोटॉन, न्यूट्रॉन इ. कण बनले. हे संक्रमण प्रथम कोटीचे असल्यास क्वार्क द्रव्याचे गोळे मागे उरतील आणि न दिसणाऱ्या द्रव्याचा उलगडा होईल, अशी शक्यता विटन तपासून पाहत होते. गुरुत्वीय तरंग हा त्यांच्या दृष्टीने जोडपरिणाम होता. क्रेग होगन यांनी १९८३ मध्ये बुडबुडे निर्माण होण्याच्या क्रियेचा व १९८६ मध्ये तीतून उद्‌भवणाऱ्या तरंगांचा स्वतंत्र विचार केला. बुडबुड्यांच्या टकरींचे संख्यात्मक गणित आर्थर कोसॉव्हस्की, मायकेल टर्नर व रिचर्ड वॉटकिन्स यांनी १९९२ मध्ये केले. दोन बुडबुड्यांच्या टकरीचे तपशीलवार गणित केल्यावर त्यांना असे आढळले की, आतील गुंतागुंत सोडून देऊन भिंतींच्या अद्यापि न आदळलेल्या भागांचे केवळ कवच विचारात घेतले, तरी उत्तर पुरेसे बरोबर येते. या सुलभीकरणामुळे शेकडो बुडबुड्यांचा एकत्र विचार त्या काळच्या संगणकांच्या आटोक्यात आला. पुढे १९९४ मध्ये मार्क कामिओन्कोव्हस्की यांच्यासह भोवतालच्या तप्त द्रायूतील संक्षोभाचाही (खळबळीचाही) त्यात समावेश झाला.

या गणितातून एक अपेक्षित कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) मिळते व ती सुदैवाने मापनाच्या टप्प्यात येते. हिग्ज क्षेत्राचे संक्रमण झाले तेव्हा तापमान सु. १८ लाख अब्ज केल्विन होते. सेकंदाचे शंभर अब्ज भाग केल्यास त्यांतील एका भागाच्या आसपास तेव्हा विश्वाचे वय होते. प्रकाशाला तोवर तोडता आलेले अंतर सेंटिमीटरच्या कोटीचे होते व बुडबुडे त्याहून पुष्कळ लहान असणार. मिलिमीटरच्या दशांशाएवढ्या बुडबुड्यांमधून निघालेला तरंग विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन आज सूर्य व पृथ्वी यांमधील अंतराएवढा, म्हणजे सु. १५ कोटी किमी. लांबीचा झाला असेल. त्याचे एक कंपन पुरे होण्यास आठ-दहा मिनिटे लागतील. जमिनीवर भूकंपीय हालचालींमुळे इतकी मंद कंपने मोजणे अशक्य आहे. त्यासाठी अवकाशातच जावे लागते.

या सर्व खटाटोपाला आणखी एका प्रश्नाने वजन आले होते. विश्वात द्रव्य आहे, पण प्रतिद्रव्य जवळजवळ नाही. आणि द्रव्यही फार थोडे, सु. दीड अब्ज फोटॉनांमागे एक प्रोटॉन वा न्यूट्रॉन इतकेच आहे. हा अल्प शेष कसा उरला? आंद्रेई साखारॉव्ह यांनी १९६७ मध्ये त्यासाठी आवश्यक अटी सांगितल्या होत्या. त्यांपैकी एक म्हणजे विश्व काही काळ तरी औष्णिक समतोलापासून ढळलेले असले पाहिजे. व्ही. कुझमिन, व्ही. रुबाकॉव्ह व एम. शापोश्निकॉव्ह यांनी १९८५ मध्ये असे दाखविले की, हिग्ज क्षेत्राचे संक्रमण पुरेशा जोरदार प्रथम कोटीचे असल्यास बुडबुड्यांच्या सरकत्या भिंतींपाशी हा शेष निर्माण होऊ शकेल. तेव्हा बुडबुडे झाले की नाहीत हा प्रश्न तारे, ग्रह व सजीव ज्या द्रव्याचे बनले आहेत त्या द्रव्याच्या उत्पत्तीशी जाऊन भिडला.

उत्तर प्रतिकूल आले. के. कायान्टी, एम. लाइने, के. रुम्मुकाइनेन व शापोश्निकॉव्ह यांनी १९९६ मध्ये अवकाशाची बिंदुजालात विभागणी करून संगणकाने हे संक्रमण तपासले. हिग्ज कणाचे द्रव्यमान जितके अधिक तितके संक्रमण सौम्य होते आणि सु. ७०–८० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पलीकडे प्रावस्थांमधील सीमाच नाहीशी होते, असे त्यांना आढळले. पाण्याच्या बाबतीत दाब जे करतो ते येथे हिग्ज कणाचे द्रव्यमान करते. त्या वेळी हा कण सापडलेला नव्हता. पण जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील प्रयोगांनी २००० पर्यंत त्याच्या द्रव्यमानाची खालची मर्यादा ११४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली होती. ४ जुलै २०१२ रोजी त्याच प्रयोगशाळेने सु. १२५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा कण सापडल्याचे जाहीर केले आणि प्रश्न निकालात निघाला. दरम्यान २००६ मध्ये क्वार्क बद्ध होण्याचे संक्रमणही सलग व सौम्य असल्याचे वाय. आओकी, झेड. फोडोर इत्यादींनी बिंदुजाल पद्धतीनेच सिद्ध केले होते. मूलकणांच्या प्रमाणभूत प्रतिकृतीप्रमाणे विश्व कधीच उकळले नाही. ते मेणासारखे हळूहळू बदलत गेले.

येथे हा विषय संपला असता, तर तो विज्ञानाच्या इतिहासातील एक तळटीप ठरला असता. तो संपला नाही, कारण प्रमाणभूत प्रतिकृती अपुरी आहे हे अन्य कारणांनी माहीत होतेच. ती न दिसणाऱ्या द्रव्याचा उलगडा करीत नाही. द्रव्याचा अल्प शेष कसा उरला हेही आता ती सांगू शकत नाही. हिग्ज क्षेत्राशी निगडित असे आणखी एखादे क्षेत्र असल्यास संक्रमण पुन्हा प्रथम कोटीचे होऊ शकते, मग त्या क्षेत्राचा कण आजच्या त्वरकांना सापडो वा न सापडो. प्रमाणभूत प्रतिकृतीनुसार या संक्रमणातून मोजण्याजोगे तरंग अपेक्षितच नसल्याने ते आढळल्यास ज्ञात भौतिकीत त्यांना जागा उरणार नाही. १९९० च्या सुमारास तो केवळ एका भाकिताचा पडताळा ठरला असता.

गणितही स्वस्थ राहिले नव्हते. मार्क हिंडमार्श, श्टेफान हूबर, रुम्मुकाइनेन व डेव्हिड वीर यांनी २०१३ मध्ये बुडबुडे व भोवतालचा द्रायू या दोहोंचे त्रिमितीय गणित केले, तेव्हा आजवर दुर्लक्षिलेली एक बाब उघड झाली. भिंती आदळून नाहीशा झाल्या तरी त्यांनी द्रायूत उत्पन्न केलेल्या ध्वनितरंगांचा कल्लोळ कितीतरी अधिक काळ टिकतो आणि पुष्कळ परिस्थितींत गुरुत्वीय तरंगांचा मुख्य उगम तोच असतो. वीस वर्षे ज्या टकरींवर सर्व लक्ष केंद्रित झाले होते त्या अशा रीतीने दुय्यम ठरल्या आणि अपेक्षित तीव्रता वाढली.

निरीक्षणांच्या बाबतीत पहिली हालचाल अनपेक्षित दिशेने झाली. क्वार्क संक्रमणाच्या काळी क्षितिजाची व्याप्ती दहा-एक किमी. होती. ते अंतर ताणले जाऊन आज प्रकाशवर्षाच्या कोटीचे झाले आहे. त्यामुळे त्या काळचे तरंग महिने व वर्षे इतक्या आवर्तकालाचे असतील. असे तरंग स्पंदकांच्या (अत्यंत नियमितपणे रेडिओ स्पंद पाठविणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या) घड्याळासारख्या ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून ओळखता येतील, हे एम. साझिन यांनी १९७८ मध्ये व स्टीव्हन डेटवायलर यांनी १९७९ मध्ये सुचविले होते. आकाशातील दोन स्पंदकांमधील कोनानुसार हे फरक एकमेकांशी कसे निगडित असतील, याचे सूत्र आर. हेलिंग्ज व जी. डाउन्स यांनी १९८३ मध्ये दिले. २९ जून २०२३ रोजी अमेरिका, यूरोप, ऑस्ट्रेलिया व चीन येथील गटांनी अशा पार्श्वभूमीचा कमीअधिक बळकट पुरावा एकाच वेळी जाहीर केला. यूरोपीय गटाच्या विश्लेषणात भारतीय गटाची निरीक्षणे समाविष्ट होती. ती पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने घेतलेली आहेत. आंतरतारकीय अवकाशातील इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदांना होणारा विलंब कमी कंप्रतेस अधिक असतो. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचा हा दूरदर्शक नेमका त्याच पट्ट्यात काम करीत असल्याने हा विलंब अचूक मोजून वजा करण्यास त्याचा विशेष उपयोग झाला.

ही पार्श्वभूमी आद्य विश्वातील आहे काय? बहुसंख्य तज्ञांचा कल दीर्घिकांच्या मध्यभागी परस्परांभोवती फिरणाऱ्या महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांकडे आहे व तो समंजस आहे. कारण अशा जोड्या असणे दीर्घिकांच्या मीलनावरून अपेक्षितच आहे. मोजलेला वर्णपट एखाद्या अज्ञात प्रथम कोटीच्या संक्रमणाशीही जुळविता येतो, परंतु आजच्या सामग्रीवरून दोहोंत निवड करता येत नाही. तरंग अमुक एका दिशेकडून अधिक येतात असे पुढे आढळल्यास कृष्णविवरांची बाजू बळावेल. घाईचा धडा ताजा आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील एका प्रयोगाने आद्य विश्वातील (संक्रमणाच्या नव्हे, तर अतिशीघ्र प्रसरणाच्या) गुरुत्वीय तरंगांचा ठसा सापडल्याचे जाहीर केले होते. जानेवारी २०१५ पर्यंत तो मुख्यत्वे आकाशगंगेतील धुळीचा परिणाम असल्याचे स्पष्ट झाले.

जमिनीवरील व्यतिकरणमापकांना दर सेकंदास दहापटींपासून शेकड्यांपर्यंत कंपने असलेले तरंग टिपता येतात. ही कंप्रता हिग्ज संक्रमणाहून फारच अधिक तापमानास झालेल्या संभाव्य संक्रमणांशी निगडित आहे. लायगो व इटलीतील व्हर्गो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे या पट्ट्यातील पार्श्वभूमीची ऊर्जा, विश्वाच्या क्रांतिक ऊर्जा घनतेच्या सु. सहा अब्जांशांहून अधिक नाही. त्यामुळे काही अतिप्रबळ संक्रमणांच्या कल्पना बाद झाल्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या भारतातील लायगो केंद्रास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ते केंद्र याच पट्ट्यात काम करणार आहे.

हिग्ज संक्रमणाच्या पट्ट्यासाठी यूरोपीय अवकाश संस्थेची लिसा ही योजना आहे. परस्परांपासून २५ लाख किमी. अंतरावर असलेली तीन अवकाशयाने त्रिकोणाच्या रचनेत सूर्याभोवती फिरतील आणि लेसर किरणांनी आपसांतील अंतरे मोजतील. अमेरिकेने २०११ मध्ये भागीदारीतून अंग काढून घेतल्याने ही योजना बंद पडण्याच्या बेतात होती. डिसेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या पूर्वचाचणी यानाने आवश्यक स्थैर्य अपेक्षेहून चांगले साधता येते असे दाखविले, २०१७ मध्ये योजनेची निवड झाली व २५ जानेवारी २०२४ रोजी तिला अंतिम मान्यता मिळाली. अमेरिकाही पुन्हा सहभागी झाली आहे. उड्डाण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. याच पट्ट्यात आकाशगंगेतील श्वेत खुजा ताऱ्यांच्या असंख्य जोड्यांचे तरंग मिसळलेले असतील व ते प्रथम वेगळे काढावे लागतील. शिवाय लिसा हे एकच उपकरण असल्याने लायगोप्रमाणे दूरच्या दोन केंद्रांच्या नोंदी ताडून उपकरणाचा स्वतःचा गोंगाट ओळखण्याची सोय तेथे नाही. त्यामुळे हिग्ज कणांची आपापसांतील परस्परक्रिया त्वरकांच्या साहाय्याने अचूक मोजण्याचे प्रयत्न समांतरपणे चालू आहेत. प्रथम कोटीच्या संक्रमणास कारणीभूत ठरणारे नवे क्षेत्र असल्यास त्या परस्परक्रियेचे मूल्य प्रमाणभूत प्रतिकृतीहून वेगळे यावयास हवे.